पिकते तेथे शिजत नाही

‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या टापूत ती संत्र्याला लागू पडत नाही. येथील संत्रे पिकते आणि विकतेही. कित्येकदा झाडावर असतानाच त्याचा सौदा होतो, आणि पेट्या भरभरून ते नागपूर, दिल्ली, कलकत्त्याच्या वाटेला लागते. आपल्यासाठी म्हण करावयाची झाली तर ती निराळी करावी लागेल: पिकते तेथे शिजत नाही. ज्या फळावर या पंचक्रोशीतील शेकडो घरांचा संसार चालतो, ते फळ त्या घरांच्या स्वयंपाकात कोठेच नाही. आणि ज्या रस्त्याने ते फळ बाहेर जाते, त्या रस्त्यावरील उपाहारगृहांच्या पाटीवरही ते क्वचितच आढळते. ही गोष्ट मला विचार करण्यासारखी वाटते, म्हणून वार्षिकाच्या या पानांतून ती विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे मांडीत आहे.

मी भाषेचा शिक्षक आहे. पाकशास्त्राचा अधिकारी नव्हे. पण भाषा शिकविणाऱ्यास विसंगती चटकन दिसते. आपल्या भागात एखाद्या घरी पाहुणा आला म्हणजे काय घडते ते आठवून पाहावे. घरामागे संत्र्याचा बगीचा फळांनी वाकलेला असतो. आणि घरातील मूल पैसे घेऊन कोपऱ्यावरील दुकानाकडे धावत असते. ते परत येते ते नारिंगी रंगाच्या पेयाची बाटली घेऊन. त्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली तर पाणी, साखर, रंग आणि सुवास यांचीच नावे प्रामुख्याने सापडतात. फळाचा अंश असला तर तो नावापुरता. पाहुणा ते पेय पितो, यजमानाला आदरातिथ्य केल्याचे समाधान वाटते, आणि मागचा बगीचा मुकाट्याने उभा राहतो. घरचे ते साधे आणि दुकानातले ते मानाचे, ही समजूत आपण मुलांच्या मनात शब्दही न बोलता रुजवीत असतो. प्रश्न नुसता जिभेचा नाही. आपल्या कष्टाच्या फळाला आपण स्वतः किती किंमत देतो, याचा आहे.

असे का झाले असावे? आपले लोक फळांविषयी उदासीन आहेत, असे मुळीच नाही. उलट आपले मराठी पंचांग हे एका अर्थी ऋतुमानाप्रमाणे आखलेले भोजनपत्रकच आहे. संक्रांतीच्या सुगडात बोरे, उसाची कांडकी आणि हरभऱ्याचे घाटे असतात. महाशिवरात्रीला कवठ लागते, आणि त्याची गुळातील चटणी त्या दिवशी घरोघर होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, पितरांना आमरस दाखविल्यावाचून अनेक घरी कोणी आंब्याला हात लावीत नाही. त्याच दिवशी चिंच-गुळाचे चिंचवणी होते. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाखाली जेवावयाचे, आणि तुळशीच्या लग्नात बोर, चिंच, आवळा नि ऊस मांडावयाचे. बोरासारखे काटेरी झुडपावरचे फळ असो की कवठासारखे दगडी कवचाचे, प्रत्येकाला वर्षातून एक दिवस मानाचा आहे, आणि त्या दिवसाबरोबर एक पदार्थही आहे. तो पदार्थ कसा करावयाचा हे आजी आईला सांगते, आई मुलीला सांगते. कोणी ग्रंथ उघडीत नाही. सणच ते शिकवितो.

संत्र्याला मात्र असा सण नाही. याचे कारण उघड आहे: संत्रे आपल्याकडे उशिरा आले. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकात, औरंगाबादेकडून त्याची झाडे नागपुरात आली असे सांगितले जाते. पुढे ती राजवाड्याच्या बागांतून शेतकऱ्यांच्या मळ्यांत पसरली, आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, पांढुर्णा, सौंसर असा एक सलग संत्र्याचा पट्टा तयार झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही निघाला. परंतु या पट्ट्यातील झाडांना त्या रेषेची वार्ता नाही. दोन्हीकडे तीच काळी जमीन, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले तेच कलम, आणि तेच दोन बहार: माघाच्या सुमारास फुलून दिवाळीच्या आगेमागे तोडीस येणारा आंबिया, आणि पावसाच्या आरंभी फुलून फाल्गुन-चैत्रात तोडीस येणारा मृग.

म्हणजे हे फळ आपल्याकडे आले ते बाजारासाठी. देवघराच्या वाटेने ते आले नाही, चुलीच्या वाटेनेही नाही. त्यामुळे त्याची बोली सर्व बाजाराची झाली: बहार, ताण, गळ, तोड, पेटी, भाव. शेतकऱ्याच्या घरातील लहान मुलालाही हे शब्द पाठ असतात. पण ‘संत्र्याचे आज काय करू या?’ हे वाक्य त्या घरात ऐकू येत नाही. संत्रे सोलून खावे, आजाऱ्याला द्यावे, फार तर रस काढावा. येथे आपले संत्रेशास्त्र संपते.

कोणी म्हणेल, नवागत फळाला स्वयंपाकघरात जागा कोठून मिळणार? याला आपल्याच ताटाने उत्तर दिले आहे. बटाटा आपला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतून आला. मिरचीही तिकडचीच. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही तिकडचाच. हे सर्व पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या देशात आले. आणि तरी आज साबुदाण्याची खिचडी, तिच्यातील मिरची आणि बटाटा हे त्रिकूट आपल्या एकादशीला चालते! सीताफळ समुद्रापलीकडून आले, पण सातपुड्याच्या डोंगरउतारांवर ते असे रुजले की लोकांनी त्याला थेट सीतामाईचे नाव दिले. ज्या समाजाने परदेशी कंदाला उपवासाच्या पंक्तीत बसविले, त्याने आपल्याच शिवारातील संत्र्याला दाराबाहेर का ठेवावे? अडचण परंपरेची नाही. आपण अद्याप प्रयत्न केलेला नाही, इतकेच.

या ठिकाणी माझ्या मुलखातील एक उदाहरण देणे अवश्य वाटते. माझी मायबोली कोंकणी. आमच्याकडे भिंड, म्हणजे कोकमाचे फळ, वैशाखात पिकते. दिसावयास लालजांभळे, चवीला आंबट, ताजे टिकावयाचे थोडेच दिवस. बाजाराच्या दृष्टीने पाहिले तर संत्र्याच्या शेजारी त्याला कोणी विचारणार नाही. पण घरोघरच्या बायकांनी त्याची साल उन्हात वाळवून, त्याच्याच रसाचे आणि मिठाचे पुट देऊन सोले केली. बियांपासून तूप काढले. पिकल्या फळांत साखर भरून सरबताचा पाक केला. सोलांचा कोळ आणि नारळाचे दूध यांची सोलकढी झाली. आज गोव्यात किंवा मालवणात एखाद्या खानावळीने सोलकढी दिली नाही, तर गिऱ्हाईक उठून जाईल. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधी त्याला वाटीचे मानांकन मिळालेले होते. नागपुरी संत्र्यालाही २०१४ साली असे मानांकन मिळाले आहे. वाटी मात्र अजून रिकामीच आहे.

हा नुसता हौसेचा विषय आहे असेही कोणी समजू नये. बगीचेवाल्यांच्या घरी या गोष्टीचे मोल रोकडे आहे. नागपुरी संत्र्याचा एक मोठा ग्राहक बांगलादेश होता. त्या देशाने गेल्या काही वर्षांत आयातीवरील कर वाढवीत नेला, आणि २०२३ च्या हंगामात विदर्भातील संत्रे बागायतदारांना त्याचा जबर फटका बसला. दूरच्या एका राजधानीत एक आकडा बदलतो आणि आपल्या शिवारात भाव कोसळतो! जे फळ केवळ दूरच्या बाजारावर जगते, त्याचे दैवही दूरच्याच हाती असते. कोकमाचा, आंब्याचा, किंवा नारळाचा बाजार पडला तरी त्या त्या मुलखातील घरे, खानावळी, मिठाईची दुकाने त्यांना उचलून धरतात. आपल्या संत्र्याला असा घरचा आधार नाही. मोठी, चकचकीत फळे परगावी जावोत. परंतु आकाराने बारीक, सालीवर डाग पडलेली आणि आत मात्र तितकीच गोड असलेली जी फळे व्यापारी बाजूला काढतो, त्यांना गावातच गिऱ्हाईक का नसावे? एक उपाहारगृह दररोज एक टोपली घेऊ लागले तर बगीचेवाल्याच्या हाती हंगामभर थोडा का होईना, नगद पैसा पडेल.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गृहिणींचा, आणि तो खरा आहे: संत्रे चुलीवर चढविले की कडू होते. याचे कारण समजून घेतले पाहिजे. संत्र्याच्या बियांत आणि फोडींवरील पांढऱ्या पापुद्र्यात एक द्रव्य असते. फळ अखंड असते तोवर ते कडू लागत नाही; पण रस काढला, त्यात बिया वा पापुद्रे चिरडले गेले, की रसातील आंबटपणामुळे त्या द्रव्याचे रूपांतर होऊन लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो. म्हणून सकाळी काढलेला गोड रस दुपारी कडवट लागतो, आणि उष्णतेने तर हे लवकर घडते. संत्र्याच्या रसाचे कारखाने काढणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. तेव्हा कारण कळले की उपायही कळतो: बिया काढून टाकाव्यात, पापुद्रे सोलावेत, फळ पिळावे पण चिरडू नये, रस त्याच वेळी वापरावा, आणि तो आचेवर जितका कमी वेळ राहील तितका ठेवावा. विज्ञानाच्या तासाला शिकलेले असे स्वयंपाकघरात उपयोगी पडले तर बिघडले कोठे?

दुसरा आक्षेप आजीबाईंचा: दूध आणि आंबट फळ यांचा संयोग विरुद्ध समजला जातो. त्यांच्या मताचा मान राखूनच सांगतो, की संत्र्याचे सर्वच पदार्थ दुधाचे नसतात. ज्या घरी हा नियम पाळला जातो त्यांनी भात करावा, चटणी करावी, कोशिंबीर करावी. जेथे पाळला जात नाही तेथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागतेच: ऊन दुधात संत्रे घातले की दूध फाटते.

नुसता उपदेश करून थांबणे बरे नव्हे. म्हणून चार पदार्थ सांगतो. हे करून पाहावयास मोठ्या सामग्रीची गरज नाही, आणि मुलांनीही, मुलगे धरून, ते करावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भाकरी खाणाऱ्या प्रत्येक हाताला चूल माहीत असावी.

पहिला, संत्र्याचा भात. आपल्या साखरभाताचाच हा भाऊ. वाटीभर तांदळाचा भात थोडा फडफडीत शिजवून ताटात मोकळा करावा. तांदूळ रसातच शिजवू पाहू नये, आंबटपणामुळे दाणा नीट शिजत नाही. पातेल्यात तुपावर दोनचार लवंगा टाकून भात परतावा. पाऊण वाटी साखरेचा दाट पाक करून त्यात घालावा आणि मंद वाफ आणावी. उतरविताना अर्धी वाटी ताजा रस शिंपडून झाकण ठेवावे. सालीचा केवळ नारिंगी थर हलक्या हाताने किसून चिमूटभर टाकला तर केशराची आठवण राहत नाही. वाढताना वर सोललेल्या फोडी घालाव्यात.

दुसरा, सालीची आंबटगोड चटणी. कर्नाटकात संत्र्याच्या सालीचा गोज्जू करतात, तोच हा प्रकार. आपण जी साल उकिरड्यावर टाकतो ती तेथे पानात येते. साल प्रथम स्वच्छ धुवावी, कारण बगिच्यात औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. मग बारीक चिरून एकदा पाण्यात उकळावी आणि ते कडू पाणी ओतून टाकावे. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करून साल परतावी. चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, मीठ घालून दाट होईपर्यंत शिजवावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही फार छान लागते.

तिसरा, थंड बासुंदी. दूध आटवून, साखर घालून, पूर्ण निववावे. फोडींचे पापुद्रे व बिया काढून केवळ गर घ्यावा आणि वाढण्याच्या वेळीच दुधात मिसळावा. बंगालमध्ये कमळा लेबूची खीर अशाच रीतीने करतात. तेथेही गर घालण्यापूर्वी दूध थंड होऊ देतात.

चौथा पदार्थ माझ्या घरचा. आमच्याकडे पिकल्या आंब्याचे, अननसाचे सासव करतात. ओले खोबरे, लाल मिरची, गूळ आणि किंचित भाजलेली मोहरी बारीक वाटून त्यात फळाच्या फोडी कालवावयाच्या. येथे राहावयास आल्यावर मी अननसाच्या जागी संत्र्याचा गर घालू लागलो. यात आच लागतच नाही, म्हणून कडू होण्याचा प्रश्नच उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे फळ आणि समुद्रकाठचा मसाला यांचे इतके जुळते, याचा मला कौतुकमिश्रित आनंद होतो.

आता उपाहारगृहांविषयी. नागपूरहून छिंदवाड्यास जाणारा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता आपल्या दारावरून जातो. पूर्वी अरुंद मापाची आगगाडीही रामाकोन्याला थांबत असे. ती २०१५ साली बंद होऊन तेथे मोठ्या मापाचा मार्ग झाला. या रस्त्यावर पोहे, समोसा, आलुबोंडा, शेवभाजी, दालफ्राय मिळत नाही असे ठिकाण विरळा. हे पदार्थ वाईट आहेत असे मी म्हणत नाही. भुकेच्या वेळी ताज्या तर्रीपोह्यांसारखा सखा नाही. पण ही पाटी मार्गशीर्षात जी, तीच ज्येष्ठात. ती पाहून प्रवाशाला हा संत्र्याचा मुलूख आहे की बाजरीचा, हे कळणार नाही. ‘चांगले खावयास कोठे मिळेल?’ असे मला पाहुणे विचारतात, तेव्हा मी दुकानाचे नाव सांगण्याऐवजी दुकान पारखण्याची रीत सांगतो. ती अशी: पाटीवर निदान एक पदार्थ ऋतूप्रमाणे बदलतो काय? रस तुमच्या डोळ्यांदेखत काढला जातो, की सकाळचाच भांडे भरून ठेवलेला असतो? बिया-पापुद्र्यांसकट यंत्रात चिरडला जातो, की हलक्या हाताने पिळला जातो? पेला आणि पाणी स्वच्छ आहे काय? आणि फळ कोणत्या गावचे, हे विचारल्यावर मालक अभिमानाने सांगतो काय? या पाच प्रश्नांना जेथे होकार मिळेल, तेथे पत्र्याचे छप्पर असले तरी बसावे. जेथे मिळणार नाही, तेथील चकाकणाऱ्या फरश्यांना भुलू नये. हंगामात बगिच्याच्या कडेला, झाडाखाली हातगाडी लावून जो ताजा रस काढून देतो, तो या परीक्षेत पुष्कळदा पहिला येतो.

आपल्या टापूबाहेर जाण्याचा योग आला तर काही ठिकाणे अवश्य पाहावीत, कारण त्यांनी फळाला मान दिला आहे. नागपुरात हल्दीरामांच्या दुकानांतील संत्राबर्फी चाखावी. बर्फी हा उत्तरेचा पदार्थ. पण तिच्यात संत्रे मिसळले आणि ती नागपूरची ओळख झाली. नागपूरहून निघणारा प्रवासी तिची पेटी बरोबर नेतो. मुंबईस हाजी अलीच्या ज्यूस सेंटरवर सीताफळाचा गर साईत कालवून देतात. त्याची कीर्ती दूरवर आहे. जुहूला १९८४ साली रघुनंदन कामत यांनी ‘नॅचरल’ हे आइस्क्रीमचे दुकान काढले. कर्नाटकातील मुळकीकडच्या एका फळविक्रेत्याचा हा मुलगा. फळ ओळखावे कसे हे तो वडिलांजवळ शिकला होता. रंग आणि कृत्रिम सुवास यांऐवजी सीताफळ, शहाळे, आंबा यांचा खरा गर त्यांनी वापरला, आणि त्या एका निश्चयातून मोठा व्यवसाय उभा राहिला. कामत २०२४ साली निवर्तले. फळाची जाण हेच भांडवल होऊ शकते, हे त्यांच्या चरित्राने दाखविले. आणि कोकणात गेलात तर कोणत्याही साध्या खानावळीत मांडी घालून बसा आणि सोलकढीची दुसरी वाटी मागून घ्या.

यावर कोणी विचारील, ही शहरांची उदाहरणे आपल्यासारख्या गावास काय कामाची? मी म्हणतो, गावालाच ती अधिक कामाची आहेत. शहरातील दुकानदाराला फळ विकत आणावे लागते. आपल्याला ते कुंपणापलीकडून मिळते. शहरातील दुकानदाराला कवठ, चार, मोहफूल ही नावेही ठाऊक नसतील. आपल्या आठवडी बाजारात ती टोपल्यांतून येतात. मार्गशीर्षात संत्राभात, माघात बोरांची गोड-आंबट चटणी, फाल्गुनात कवठाची बर्फी, वैशाखात पन्हे आणि चिंचवणी, आषाढाच्या आरंभी जांभळाचे सरबत, आश्विनात सीताफळाची रबडी: अशी बारमाही पाटी रामाकोन्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या उपाहारगृहाने लावली, तर नागपूरचा प्रवासी मुद्दाम गाडी थांबवील. आणि तो थांबला, की शेजारच्या बगीचेवाल्याचीही दोन पेट्या संत्री तेथेच विकली जातील.

हे होण्यास कोणाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. आपल्या शाळेपासूनच आरंभ करता येईल. स्नेहसंमेलनास येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती बाटली देण्याऐवजी सोललेल्या संत्र्याची बशी किंवा ताज्या रसाचा पेला द्यावा. विद्यार्थ्यांनी एक वही करावी. तिच्यात बारा महिन्यांची बारा पाने ठेवावीत, आणि आजी, आई, मावशी, शेजारच्या काकू यांना विचारून त्या त्या महिन्यातील फळाचा एकेक पदार्थ, प्रमाणासह, लिहून घ्यावा. छापील पाकग्रंथांची परंपराही मराठीत चांगली जुनी आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी एक हजार पाकक्रियांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. परंतु सौंसरच्या कवठाची चटणी आणि पांढुर्ण्याचे चिंचवणी कोणत्या ग्रंथात सापडणार? ती आजीच्या बोलण्यातच आहे, आणि आजी काही अनंतकाळ आपल्यापाशी राहणार नाही. ज्यांच्या घरी गोंडी, पोवारी वा हिंदी बोलली जाते, त्यांनी त्या त्या भाषेतील फळांची नावेही लिहावीत. माझ्यासारख्या कोंकणी माणसाला ती वाचावयास फार आवडतील. आणि वहीत मार्गशीर्षाच्या पानावर प्रत्येकाने संत्र्याचा एक पदार्थ स्वतः करून पाहून लिहावा. बिघडला तर बिघडलेला लिहावा. पुढच्या बहाराला तो सुधारेल.

सण कोणी हुकूम काढून निर्माण करीत नाही. बोराला संक्रांत मिळाली ती पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी. कवठाला शिवरात्र मिळाली तीही तशीच. संत्र्याला आपल्या घरात जागा द्यावयाची असेल तर ती या पिढीच्या हातांनीच मिळेल. आंबियाची तोड सुरू झाली की पहिली टोपली पेटीत भरण्यापूर्वी घरात आणावी, त्यातील पाच फळे देवापुढे ठेवावीत, आणि त्या दिवशी घरात संत्र्याचा भात व्हावा. अशी रीत एका घराने पाडली तर ती त्या घराची हौस ठरेल. गावाने पाडली तर पन्नास वर्षांनी तिला कुळाचार म्हणतील. त्या वेळची मुले आपल्या वह्यांत लिहितील, की आमच्याकडे संत्रे पिकते, विकते आणि शिजतेही.